उगवतीची बाजू

१२ जानेवारी, रविवार

वही मिळाली. एका गेटपासला एक वही, असा नियम आहे. त्यामुळे आमच्या घरात बायका दोन आणि वही एक.

वही वाटणाऱ्या बाईंना सगळे वहीवाली बाईच म्हणायला लागलेत. वीजकेंद्र मार्चअखेर बंद होणार. धुराडं थंड होणार आणि जळलेल्या कोळशाची राख साठते त्या आमच्या तळ्यावर सोलरचे पत्रे बसणार. केंद्रातल्या पक्क्या लोकांची दुसरीकडे सोय झाली. आम्ही ठेक्यावरचे, आमचं काय करायचं ते ठरवायला बाईंची समिती आहे. त्या म्हणाल्या, कागदावर तुमचं काम फक्त 'पाणी मारणे' एवढंच लिहिलंय, त्यावरून कुणाला काय कळणार, म्हणून रोज काय करता ते लिहा. तळ्यावरच्या माणसांना नव्या कामात पहिला मान. एका पासला एक जागा, पक्की.

इथेच घोडं अडलंय. पास वन्संच्या नावाचा आहे. सोळा वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा काम जाऊ नये म्हणून तीन आठवडे मी त्यांच्या पासवर गेले. तोंडाला फडकं बांधलं की डोळे तेवढे दिसतात, आणि राखेने सगळ्यांचे डोळे सारखेच लाल. कुणी विचारलं नाही. मनगट बरं झाल्यावरही आम्ही दिवस वाटून घेतले. माझी मुलगी दोन वर्षांची होती, एकीने घरी राहायलाच हवं होतं. आता ती हॉस्टेलवर शिकायला आहे, पण वाटणी तशीच राहिली. मुकादमाला ठाऊक आहे. त्याने डोळ्यांवर कातडं ओढलंय.

वहीत पुढून कामाचं लिहीन, मागून हे. मागची पानं कोण उघडतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

आज माझी पाळी. उजाडायच्या आत तळ्यावर पोचले. टॉवरची वाफ खाली उतरलेली, त्यामुळे तळं दिसेना, आभाळही दिसेना, सगळीकडे एकच पांढरेपण. मी झडप उघडली. पाणी वर गेलं ते दिसलं नाही, पडल्याचा आवाज तेवढा आला. राख पाणी पिते तेव्हा बारीक सुस्कारा टाकते. तो ऐकला की मला अजून झोपेतच असल्यासारखं वाटतं. हे काम मला आवडतं, हे मी कुणाला सांगत नाही. राखेत काय आवडण्यासारखं आहे, म्हणतील.

पाणी कमी पडलं तर दहाच्या वाऱ्याला राख उठते आणि घराघरांत शिरते. जास्त पडलं तर चिखल होतो, माणूस मांडीपर्यंत आत जातो. बेताचं पडलं तर वर साय धरते. सायीवर चालता येतं, पण सगळीकडे नाही. खाली जुने खड्डे आहेत. वरून काही कळत नाही, पायाला कळतं. मावळतीची बाजू मला डोळे मिटून चालता येईल. उगवतीची बाजू वन्संची. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिकडे पाणी मारायचं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार इकडे, हे ठेकेदाराने पहिल्यापासून लावून दिलंय. आम्ही दिवस वाटले आणि त्यात तळंही वाटलं गेलं. त्या पहिल्या तीन आठवड्यांनंतर सोळा वर्षांत मी मधल्या बांधाच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

हे खरं तर पुढून लिहायला हवं होतं. आता लिहिलं मागून, काय करणार.

१९ जानेवारी, रविवार

स्वप्न पडलं. तळ्यावर काचाच काचा, आणि त्यांत आभाळ उतरलेलं. मी अनवाणी ढगांवरून चालत होते आणि पाय भाजत नव्हते. पलीकडच्या काठावर वन्सं उभ्या होत्या. मी हाक मारली, त्या हसल्या, पण आल्या नाहीत.

जागी झाले तर मनात पहिला विचार असा आला, की बरं झालं, आल्या नाहीत ते. लाज वाटली. पण खोटं लिहायचं तर मागून लिहायचं कशाला? इतकी वर्षं आम्ही एका जागेवर दोघींनी भागवलं. आता पक्की जागा मिळणार ती एकीला. नाव त्यांचं, पासावरचा फोटोही त्यांचा, पाण्याने पुसट झालेला. मी कोण? हे लांबच्या गाडीवर असतात. फोनवर विचारलं तर म्हणाले, तुम्ही दोघी बघून घ्या, मला बहीण आणि बायको यांच्यामध्ये उभं करू नका. तिथूनही अंग काढून घेतलं.

वन्संनी तर मिठाची गुळणी धरलीय.

२५ जानेवारी, शनिवार

मुकादमाने मला झापलं. म्हणे, काल तुमची ती बाजू निम्मी कोरडी, राख उडून अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर बसली. मी मान खाली घालून ऐकलं, कारण पासावर आम्ही एकच बाई. घरी येऊन बोलले, जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. नव्या जागेचे वेध लागले म्हणून आत्तापासून काम सोडायचं का, असंसुद्धा म्हणाले.

वन्संनी ऐकून घेतलं. एरवी नाकावर राग असलेली बाई. नुसतं म्हणाल्या, "नळी जड झालीय गं हल्ली, धाकटे."

नळी तीच आहे. मी आजच उचलली होती.

हल्ली त्या आडव्याही होत नाहीत, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. म्हणतात, इथून खिडकी दिसते. खिडकीत धुराड्याशिवाय आहे काय? पाणी भरायचं माझ्यावर, जिना झाडायचं माझ्यावर. पूर्वी भांडी घासताना गुणगुणायच्या, तेही बंद. रुसल्यात बहुतेक.

३० जानेवारी, गुरुवार

समोरच्या शिवणवाल्या काकूंनी सहज म्हणून सांगितलं, की तुझी नणंद दर गुरुवारी शहराच्या बसने जाते, निळी पिशवी घेऊन. गुरुवारी मी तळ्यावर असते. पत्रे धुवायचं शिकवणारं केंद्र शहरातच आहे.

मनात पाल चुकचुकली. काकूंसमोर हसून म्हणाले, हो, मला ठाऊक आहे. मग घरात येऊन बसून राहिले. दूध उतू गेलं तरी उठले नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

शाळेच्या पटांगणात वहीवाल्या बाईंची बैठक झाली. चाचणी सव्वीस तारखेला. ज्याचा पास त्याने पिवळ्या टोपीच्या इंजिनिअरला अख्खं तळं फिरून दाखवायचं आणि जिथे जमीन पक्की तिथे निशाणं रोवायची. पत्र्यांचे खांब तिथेच बसणार. बाई म्हणाल्या, ही माहिती कुठल्याही नकाशात नाही, ती तुमच्या पायांत आहे, आणि तिचाच मोबदला म्हणून ही जागा आहे. ऐकून बरं वाटलं. माझ्या पायांबद्दल आजवर कुणी चांगलं बोललं नव्हतं.

पुढे त्या छातीचा त्रास असलेल्यांबद्दल बरंच बोलल्या. त्यांना जन्मभर उपचार आणि पेन्शन, पण मग कामाची जागा नाही, एका पासला एकच रकाना, कामाचा नाहीतर आजाराचा, असं काहीसं. आमच्याकडे कुणाला छातीचं काही नाही, म्हणून मी नीट ऐकलं नाही. वन्सं मात्र मान पुढे काढून ऐकत होत्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हसावं की रडावं कळेना. दुपारी बाजारातून आले तर वन्सं तळ्यावरून येऊन खिडकीशी बसलेल्या. पुढ्यात अर्धी भरलेली पाण्याची बाटली, तिच्यात नळी, आणि त्या फुंकर मारून बुडबुडे काढतायत. चांगल्या पन्नाशीच्या बाई. खिडकीतून ऊन येत होतं, बुडबुडे त्यात वर यायचे आणि फुटायचे. मी दारातच थांबले. दहा फुंकरा, मग डोळे मिटून विसावा, मग परत दहा. इतक्या मन लावून त्यांनी कधी जेवणही केलं नसेल.

मला बघून बाटली पदराआड केली. म्हटलं, काय हे लहान मुलासारखं? म्हणाल्या, वेळ जात नाही.

मजेत आहेत. जागा मिळाल्यातच जमा आहे ना त्यांची.

तरी तो बुडबुड्यांचा आवाज छान होता. दुपारभर कानात राहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी चहा घेताना वन्सं म्हणाल्या, "चाचणीला तू जायचंस. फडकं बांध आणि जा. ते नाव आता तुझंच समज."

मी वरवर नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. विचारलं, तुम्ही शहरात शिकायला जाताय ना? त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. म्हणाल्या, तिथलं आटोपलं माझं.

म्हणजे शिकवणीत नापास झाल्या असणार. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. इतका झाला की मी जिना झाडला, पाणी भरलं, त्यांच्या केसांना तेल लावलं. डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवून त्या जरा वेळ झोपल्या. पाठीचं हाडन् हाड हाताला लागलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस झाले, रोज दुपारी वन्सं खडूने फरशीवर उगवतीची बाजू काढून दाखवतायत. इथे खड्डा, इथे फुटका पाइप, इथून डावा पाय आधी. मला अर्ध्यातच कंटाळा येतो. तळं ते तळंच, माझ्या पायांना कळेल की. मी मान डोलावते आणि खिडकीबाहेर बघते. निळी साडी घ्यावी का, पत्र्यांच्या रंगाची, असं मनात चाललेलं असतं.

त्यांनी विचारलं, "वहीची पुढची पानं बघतेस ना?" मी म्हटलं, बघते. पुढून एक ओळही लिहायची झालेली नाही. सांगितलं असतं तर बोलणी खावी लागली असती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फरशी पुसताना नकाशा पुसला गेला. पाठ झालाय बहुतेक.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पायांची राख अजून धुतलेली नाही. तरी आजच लिहिते.

सकाळी वन्सं सोबत आल्या. माझी नणंद म्हणून. त्यांच्याच पासावर मी, आणि त्या माझ्यामागे पाहुणीसारख्या. गेटजवळ उपड्या पिंपावर बसल्या. धुकं होतं. मावळतीची बाजू मी अशी फिरवून आणली की पिवळ्या टोपीचा इंजिनिअर माझ्या पावलावर पाऊल टाकून मुकाट चालत होता. एकेक निशाण रोवताना मला वाटत होतं, ही माझी घरं आहेत, एकेकाला दार लावते आहे.

मग बांध आला. पलीकडे तीच राख, तोच रंग, तीच साय. फरशीवरचा खडू आठवला आणि उतरले. चार पावलं बरोबर पडली. पाचवं आत गेलं, पोटरीपर्यंत. ओढून काढलं तर चप्पल आतच राहिली.  समोर कितीतरी पांढरं पसरलेलं आणि त्यात मला एकही जागा ओळखीची नव्हती. सोळा वर्षं मी या तळ्याची, आणि तळं मला ओळखत नव्हतं.

इंजिनिअरने मागून विचारलं, थांबलात का, रोजची वाट ना? वाईट माणूस नाही तो, पण घड्याळ बघत होता. चक्कर आली म्हणता आलं असतं. मी तोंडावरचं फडकं सोडलं.

"ही बाजू माझी नाही," मी म्हणाले. "पासावर जिचं नाव आहे, तिची आहे. मी अर्धीच आहे."

मुकादम दुसरीकडे बघायला लागला.  आणि वन्सं पिंपावरून उठल्या. बांधावरून चालत आल्या, तेवढ्या अंतरात तीनदा थांबल्या. मला वाटलं, रागाने थांबतायत. कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागे बघू नकोस. मी सांगते तसं चाल."

मी चालले. धुक्यात त्यांचा आवाज तेवढा होता. डावीकडे दोन पावलं. थांब. आता लांब पाऊल. तिथे निशाण लाव. पाय टाकायची तिथे खाली पक्कं लागायचं, दर वेळी. आयुष्यात कुणी मला इतकं सांभाळून चालवलं नाही. मधेमधे आवाज थांबायचा. मला वाटलं, आठवतायत. मग ध्यानात आलं की तीन शब्द झाले की थांबतात, दर तीन शब्दांनी. आणि त्या थांबण्यात एक आवाज आहे, बारीक, राख पाणी पिते तसा. घरात तो रोज होता. मी पाणी उकळतंय समजत होते.

तळ्याच्या मधोमध उभी राहून मी रडले. त्या ओरडल्या, रडू नकोस, चाल. आणि त्यांना खोकला आला तो थांबेना. तोवर धुकं विरलं होतं, शेवटची निशाणं त्यांनी हाताने खुणा करून लावून घेतली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वहीवाल्या बाई घरी आल्या. वन्संनी निळी पिशवी आणून पुढ्यात ठेवली. आत शहरातल्या इस्पितळाचे कागद. डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलंय, फुप्फुसात राख बसलीय, काम बंद करा. इथे केंद्राच्या दवाखान्यात दाखवलं असतं तर पास आजाराच्या रकान्यात गेला असता आणि जागा गेली असती. म्हणून दर गुरुवारी तिकडे, जिथे कुणी पास विचारत नाही. बाटलीतले बुडबुडे हा त्यांचा व्यायाम होता. आणि मी काय काय लिहून ठेवलंय वर. खोडणार नाही. राहू दे.

बाई स्पष्ट बोलल्या. इंजिनिअरला निशाणांशी मतलब, त्याने काही नोंदवलेलं नाही. एका पासची चाचणी पूर्ण, असं लिहिलं तर जागा नक्की मिळेल, ती मी करावी, पण मग उपचार नाहीत. किंवा दोन बायका होत्या असं लिहायचं. मग समिती बसेल. दोघींना दोन रकाने मिळतील, नाहीतर फसवणूक म्हणून पासच रद्द होईल. ठेकेदार रद्दच करायला बघेल, कारण त्यालाही माहीत होतं. "मी शब्द देऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "आणि दोघी होत्या याला पुरावा लागेल. तोंडी चालणार नाही."

वन्सं म्हणाल्या, एक लिहा आणि विषय संपवा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कागद परत पिशवीत भरत राहिले. बाई सोमवारपर्यंत थांबते म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी वन्संवर चिडले. मला सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, तू मला कामावर जाऊ दिलं नसतंस. मी तसं केलं असतं का, मला खात्री नाही. त्यांना आहे.

३ मार्च, सोमवार

दुपार. वन्सं भिंतीला टेकून झोपल्यात. धुराड्यातून आज धूर नाही, एकेक बॉयलर थंड करतायत. खिडकीत पहिल्यांदाच नुसतं आभाळ आहे.

सकाळी पुरावा म्हणून काय द्यावं याचा विचार करत वही हातात घेतली आणि पहिल्यांदाच पुढून उघडली. पानं भरलेली. पेन्सिलीने, वन्संच्या मोठ्या, हळू अक्षरात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तारखेसकट. प्रत्येक पानावर उगवतीच्या बाजूचा एकेक तुकडा काढलेला, खड्डे काळे करून. खाली लिहिलंय, इथे धाकटीने उजवा पाय आधी टाकावा. इथे साय फसवी आहे, धाकटीला सांगणे. इथे सावली नाही, पाणी सोबत घ्यावे. मधली मंगळवार, गुरुवार, शनिवारची पानं माझ्यासाठी कोरी सोडलेली. शेवटचं पान एकवीस फेब्रुवारीचं, रेघ अर्ध्यावर थांबलेली.

एक पान उलटलं असतं तर पाय आत गेला नसता. जागा आज माझी असती, आणि मला काहीच कळलं नसतं.

मघापासून मी ती कोरी पानं भरतेय. मावळतीची बाजू, एकेक तुकडा. आता पुढून दोघींचं अक्षर आहे आणि तळं पूर्ण आहे. मागून मी आहे, जशी आहे तशी. मागची पानं फाडावीत असं वाटलं होतं. पण गुरुवारची बस, बाटली, तीन शब्दांनी थांबणं, सगळं इथेच आहे. बाईंना पुरावा हवाय, हा आहे.

जागा जाईल कदाचित. त्या निळ्या काचांवरून मी बहुधा चालणार नाही. काल परत ते स्वप्न पडलं. या खेपेला वन्सं काठावरून सांगत होत्या आणि मी चालत होते. खाली आभाळ होतं, तरी पायाला पक्कं लागत होतं.

त्या उठायच्या आत वही देऊन येते. उठल्या की रागावतील. रागवायला दम लागतो. तेवढा त्यांच्याकडे येऊ दे, मग खुशाल रागवावं.